दाराकडे तोंड केलेले बूट

डिसेंबरात भाची आली की आमच्या वाईच्या घरी पावटा सोलायला दोन हात वाढतात आणि वाद घालायला एक तोंड. ती अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात नववीला सामाजिक शास्त्रं शिकवते. मी तेहेतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो. म्हणजे ज्ञान शिल्लक आहे, वर्ग उरलेला नाही. ती आली की मला वर्ग मिळतो, अशी माझी समजूत. तिची समजूत नेमकी उलटी असावी.

या खेपेला ती एका उन्हाळी प्रशिक्षणाच्या गोष्टी घेऊन आली होती. गावातल्या कृष्णवर्णीय म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी कशा नोंदवायच्या आणि वर्गात कशा वापरायच्या, याचे दहा दिवसांचे धडे.

"दहा दिवस?" मी म्हणालो. "रेकॉर्डर सुरू करायचा आणि 'आजी, सांगा' म्हणायचं. त्याला दहा दिवस कशाला?"

"पहिले दोन दिवस तर नुसतं गप्प बसायला शिकवलं, मामा. प्रश्न विचारायचा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. समोरचा थांबला की आपल्याला राहवत नाही, आपण मध्येच बोलतो, आणि तो जे सांगणार असतो ते तिथंच विरतं. आम्ही एकमेकांवर सराव केला. चाराच्या पुढे कुणी टिकेना."

"मास्तर मंडळी. दुसरं काय होणार."

टल्साची हकिगत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते, म्हणून थोडं सांगतो. १९२१ साली तेलाच्या पैशावर फुगलेल्या या शहरात रेल्वेरुळांच्या पलीकडे ग्रीनवूड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. स्वतःची दुकानं, हॉटेलं, वर्तमानपत्रं, डॉक्टर, वकील, ड्रीमलँड नावाचं थिएटर. ३० मे रोजी डिक रोलंड हा बूटपॉलिश करणारा एकोणीस वर्षांचा पोरगा एका इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरला आणि लिफ्ट चालवणारी गोरी मुलगी ओरडली. आत काय झालं ते कधीच नीट कळलं नाही. पुढे त्याच्यावरचा आरोपही काढून टाकला गेला. पण ३१ तारखेच्या संध्याकाळी कोर्टाबाहेर गोऱ्यांचा जमाव जमला, पोराला वाचवायला ग्रीनवूडची हत्यारबंद माणसं आली, गोळी सुटली. १ जूनच्या दुपारपर्यंत वस्तीचे पस्तीस चौक राख झाले होते. रेड क्रॉसने मोजलेली जळकी घरं १,२५६. सुमारे सहा हजार कृष्णवर्णीयांना सभागृहात आणि मैदानांवर डांबलं. मेलेल्यांचा सरकारी आकडा ३६. इतिहासकारांचे अंदाज पाऊणशेपासून तीनशेपर्यंत जातात. आणि मग जवळजवळ पन्नास वर्षं शहराने त्यावर चकार शब्द काढला नाही.

"छत्तीस आणि तीनशे," मी शेंग मोडत म्हणालो. "इथंच तुझी तोंडी परंपरा उघडी पडते. आठपट फरक!"

"तीनशे उघडं पडलं म्हणतोस. छत्तीस कुणी मोजले?"

मी राजवाड्यांच्या पठडीतला माणूस. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत राहिले, आणि १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हा पानिपतावरच्या बखरींच्या किती चिंधड्या उडवल्या, हे मी पोरांना दरवर्षी रंगवून सांगत असे. बखरीत तारखा हलतात, माणसं हलतात, कधी मेलेला सरदारही दोन पानांनी पुन्हा घोड्यावर बसतो. पत्र मात्र त्या दिवशीचं असतं. त्याला पुढं काय झालं ते माहीत नसतं, म्हणून त्याला शहाणपण सुचत नाही. माझ्या मते कागदाची खरी थोरवी ही.

"मान्य," भाची म्हणाली. ती लवकर मान्य करते तेव्हा मी सावध होतो. ती उठली आणि बॅगेतून एक पान घेऊन आली. "हा घे तुझा कागद. टल्सा ट्रिब्यून, ३१ मे १९२१. मायक्रोफिल्मवरून काढलेली प्रत."

पहिल्या पानाच्या मध्ये एक भोक होतं. सरळ कडांचं, कात्रीने कापलेलं.

"लिफ्टच्या प्रकाराची भडक बातमी त्या दुपारी इथं छापली होती. पुढे कधीतरी, मायक्रोफिल्म करण्याआधीच, कुणीतरी ती कापून नेली. तिची दुसरी प्रत नंतर सापडली. पण त्याच अंकातल्या अग्रलेखाच्या पानाचाही तुकडा फाडलेला आहे, आणि तो आजवर मिळालेला नाही. आज रात्री त्या पोराला फासावर चढवणार, अशा अर्थाचं काहीतरी तिथं छापलं होतं, असं पुष्कळ लोकांनी आयुष्यभर सांगितलं."

"पण छापील पुरावा नाही."

"नाही."

"मग मी मानणार नाही."

"मी कुठं मान म्हणते? मी पोरांसमोर हे पान ठेवते आणि तीन वाक्यं फळ्यावर लिहिते. इथं काहीतरी होतं. ते कुणीतरी काढलं. लोकांना अमुक आठवतं. तिन्ही वाक्यांचं वजन वेगवेगळं. नववीच्या पोराला हा फरक कळला तर माझं वर्ष वसूल. आणि खरं सांगू? आमच्यातल्या अर्ध्या शिक्षकांना तो आधी करता येत नव्हता. एक तर सगळं डोळे पुसत ऐकणारे, नाहीतर तुझ्यासारखे सगळं झटकून टाकणारे. प्रशिक्षण या दोघांसाठी होतं."

मी पान उलटसुलट पाहिलं. तेहेतीस वर्षांत कागद खोटं बोलतो हे मी शिकवलं होतं. बनावट सनदा असतात, तारखा खोडलेल्या असतात. कागदाची जीभच कापतात, हे डोक्यात आलं नव्हतं. पण लगेच शरण जायचं तर भांडण कशाला काढलं?

"ठीक. पण ज्याची जीभ शाबूत आहे तोही समोर कोण बसलाय ते बघून बोलतो."

"वा! अगदी तिसऱ्या दिवसाचा धडा."

मग तिने चार्ल्सटनच्या सुझन हॅम्लिन यांची गोष्ट सांगितली. अमेरिकन सरकारने १९३६ ते १९३८ या काळात, मंदीत बेकार झालेल्या लेखक-कारकुनांना कामाला लावून, गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांवर वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या या सुझनबाई, वय शंभराच्या पुढे. १९३७ साली त्यांच्याकडे जेसी बटलर ही गोरी बाई गेली. म्हातारीला वाटलं, ही मदत वाटणाऱ्या खात्याची. तिने सांगितलं, मालक मोठा भला होता. पुढे ऑगस्टस लॅडसन हा कृष्णवर्णीय लेखक गेला. आता त्याच तोंडून बाहेर आलं ते चाबकाचे फटके, लिलावात विकली जाणारी माणसं, हंबरडा फोडणाऱ्या आया. बाई तीच, शहर तेच, साल तेच.

"आम्हाला दोन्ही मुलाखती नावं झाकून दिल्या. 'ही एकच बाई की दोन?' बहुतेकांनी दोन म्हटलं. मग नावं उघडली. खोलीत कुणी बोलेना, आणि या वेळी दहा मोजायची गरज पडली नाही."

"म्हणजे साक्ष खोटी."

"कुठली?"

मी पावट्यात हात घातला. हा प्रश्न सरळ होता आणि उत्तर सरळ नव्हतं. मदतीच्या आशेने बोललेलं खोटं म्हणायचं, तर आपल्या माणसापुढे बोललेलं वाढवून सांगितलेलं नसेल कशावरून? मी तसं म्हणालोही.

"म्हण ना. पण मग दोन्हींवर तीच शंका घे. आणि शंका घ्यायला आधी काय माहीत हवं? मुलाखत कुणी घेतली, कुणाच्या घरात, कशाच्या बदल्यात. म्हणून आमच्या प्रत्येक ध्वनिफितीला आता हे टिपण जोडावंच लागतं. मुलाखत घेणारी मी कोण, हेसुद्धा. 'भारतीय स्त्री, गावात सहा वर्षं, ओळख चर्चमार्फत.' तू दप्तर वाचताना हेच विचारतोस, कुणाचं पत्र, कुणाला, का. माणसाला विचारताना तुला लाज वाटते एवढंच."

लाज हा शब्द मला टोचला. पण तिचं खोटं नव्हतं.

आता माझी पाळी होती आणि माझ्याकडे हुकमाचं पान होतं. टल्साच्या ओकलॉन दफनभूमीतल्या खोदाईच्या बातम्या मी नीट वाचल्या होत्या. मेलेल्यांना सामुदायिक खड्ड्यात पुरलं, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. १९९९ साली एक गोरा वृद्धही पुढे आला; दहा वर्षांचा असताना त्याने तिथं खड्डा खणताना आणि पेट्यांत प्रेतं ठेवलेली पाहिली होती. जुलै २०२० मध्ये शहराने पहिल्यांदा खोदलं, तिथं १९२१ चं काही निघालं नाही. ऑक्टोबरात दुसरी जागा खोदली. ती निवडली कशावरून? अंत्यविधी करणाऱ्यांच्या वहीत अठरा कृष्णवर्णीय पुरुषांच्या दफनाची नोंद होती. तिथं शवपेट्या लागल्या.

"वही!" मी म्हणालो. "वही कामाला आली."

"आली," ती म्हणाली. "पण वहीने आपणहून तोंड उघडलं नाही. लोक बोलत राहिले म्हणून खोदायचं ठरलं, वहीने जागा दाखवली. आणि पुढचं वाचलंस का? २०२४ मध्ये त्यांतल्या पहिल्या माणसाची ओळख पटली. सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धातला शिपाई. डीएनए जुळला, आणि शिवाय सरकारी कागदांत १९३६ चं एक पत्र मिळालं. त्याच्या आईच्या वतीने वकिलाने भत्त्यासाठी लिहिलेलं. मुलगा टल्साच्या दंगलीत मारला गेला, असं त्यात होतं."

"म्हणजे कागद."

"म्हणजे आई, मामा. आईने सांगितलं, वकिलाने लिहिलं, कपाटात पडून राहिलं."

इथं आमच्या सौभाग्यवतींनी आतून विचारलं, शेंगा सोलताय की खटला चालवताय. चहा आला. पाच मिनिटं शांतता पाळण्यात आली.

चहानंतर मी मोर्चा बदलला. इतिहासकाराने मौखिक साधन वापरणं निराळं, शाळामास्तराने वापरणं निराळं. इतिहासकाराला दहा वर्षं असतात, मास्तराला पस्तीस मिनिटांचा तास. त्यात म्हातारीचा गहिवर, पोरांची चुळबूळ आणि मागून मुख्याध्यापक. शिवाय आठवणीवर शिकवलं की एखादं चुणचुणीत पोर उठून विचारणार, "सर, हे खरं कशावरून?" मग?

"असं पोर खरोखर उठलं होतं," भाची म्हणाली, आणि हसली. "टल्सातच. १९५० च्या दशकात."

बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल ही तिथल्या कृष्णवर्णीयांची शाळा. तिथं डब्ल्यू. डी. विल्यम्स नावाचे मास्तर होते. जळलं ते ड्रीमलँड त्यांच्या आईबापांचं. १९२१ साली ते त्याच शाळेत शिकत होते. एक दिवस त्यांनी वर्गात त्या रात्रीची हकिगत सांगितली. डॉन रॉस नावाचा पंधराएक वर्षांचा मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला की असं काही झालेलंच नाही, आम्ही आता परीकथांच्या वयाचे नाही. त्याच गावातला, त्याच वस्तीतला मुलगा! मास्तर चिडले, पण हकिगत पुरी केली. दुसऱ्या दिवशी त्याला थांबवून घेतलं आणि त्याच्या हातात फोटोंचा आल्बम दिला. जळतं चर्च, उद्ध्वस्त ड्रीमलँड, प्रेतांशेजारी बंदुका घेऊन उभे लोक. हाच रॉस पुढे आमदार झाला, आणि १९९७ साली राज्याने चौकशी आयोग नेमला तो मुख्यतः त्याच्या खटपटीने.

"बघ," मी म्हणालो. "मास्तर बोलले तेव्हा पटलं नाही. फोटो दाखवला तेव्हा पटलं."

"फोटो काढले कुणी, ठाऊक आहे? गोऱ्यांनी. आणि पोस्टकार्डं करून विकले. आल्बम मास्तरांच्या घरात नसता, 'हे आमचं थिएटर' म्हणणारं कुणी नसतं, तर रॉसला ते कुठल्यातरी आगीचे फोटो दिसले असते. आम्हाला शिकवलं ते एवढंच: कधीही आवाज एकटा पाठवू नका आणि कागदही एकटा पाठवू नका. आयोगासाठी शंभरावर वाचलेली माणसं शोधून बोलतं करण्यात मोठा हात कुणाचा होता? एडी फे गेट्स. टल्सातच हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या बाई. प्राध्यापक नव्हत्या, तुझ्या-माझ्यासारख्या शाळेतल्या."

मला तो आल्बम हाताळणारा मुलगा डोळ्यांसमोर दिसत राहिला. स्वतःच्या गल्लीचा इतिहास परीकथा वाटावा इतकं घरच्यांनी त्याच्यापासून लपवलेलं असणार. का? भीती? लाज? की मुलाने उद्या त्याच गोऱ्यांकडे नोकरी करायची आहे, हा हिशेब? वाद सोडून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिन्ही ऐकलेत. एक म्हातारबुवा म्हणाले होते की मुलांना राग दिला असता तर मुलं वाचली नसती.

शब्दांचाही एक गुंता आहे, तो तिने ओघात सांगितला आणि मला भारी वाटला. इतकी वर्षं या प्रकाराला दंगल म्हणत. विम्याच्या करारात दंगलीचं नुकसान वगळलेलं असे. त्यामुळे दंगल म्हटलं की ग्रीनवूडच्या दुकानदाराचा दावा फेटाळायला विमा कंपनी मोकळी. २०१८ साली शताब्दी समितीने आपल्याच नावातला तो शब्द काढून हत्याकांड हा घातला. "या एका शब्दावर माझे दोन तास जातात," ती म्हणाली. मी असतो तर तीन घेतले असते.

"पण तुमच्याकडे आता कायदाही आहे ना, असलं शिकवायला बंदी करणारा?"

"शिकवायला बंदी नाही. मे २०२१, म्हणजे शताब्दीच्याच महिन्यात सही झाली. वंशामुळे कुणा मुलाने अपराधी वाटून घ्यावं असं शिकवायचं नाही. १९२१ अभ्यासक्रमात आहेच. पण रेघ कुठं, ते कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने आमच्या शालेय जिल्ह्याची मान्यता खाली आणली, आणि कारण कुठला धडा नव्हता, शिक्षकांचं प्रशिक्षण होतं! आमचं नव्हे, दुसरंच. तरी आमच्या वर्गात पहिल्या दिवशी निम्म्यांनी हाच प्रश्न विचारला. पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचलं तर दोष पुस्तकाचा. गावातल्या आजींना वर्गात आणलं तर दोष माझा."

परिपत्रकाची भीती मला कुणी समजावून द्यायला नको. तेहेतीस वर्षं तिच्याशी संसार केलाय. आमच्या कपाटात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आहे. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून १९८९ मध्ये केलेलं पुस्तक. मी ते विकत घेतलं, वाचलं, लोकांना वाचायला दिलं. वर्गात एकदाही नेलं नाही. परीक्षेला येत नव्हतं, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना, हे मात्र मी दरवर्षी अभिमानाने सांगत असे. त्या मुक्त झालेल्यांचं पुढे काय झालं, हे मी सांगितलं नाही आणि एकाही पोराने विचारलं नाही.

हे सगळं मी भाचीला बोललो नाही. मी म्हणालो, "तुझे साक्षीदारच आता जवळजवळ गेले. पाहिलेली माणसं शंभरीपार, एकेक करून संपत आली. आता नातवंडं सांगणार. आजी असं म्हणायची. ही बखरच झाली की!"

"झाली," ती म्हणाली. "म्हणून बखर कशी वाचायची ते शिकावं लागतं. विमानांचंच घे. वाचलेले लोक सांगायचे, विमानांतून आग टाकली. बी. सी. फ्रँकलिन नावाच्या वकिलांनी स्वतः पाहिलेलं १९३१ मध्ये टंकून ठेवलं होतं, ते २०१५ मध्ये सापडलं. त्यातही आभाळात घिरट्या घालणारी विमानं आहेत. अधिकारी म्हणाले, नुसती टेहळणी. विमानं उडाली यात वाद नाही, त्यांतून काय पडलं यात आहे. यावर नातीची साक्ष मी घेत नाही. तिने पाहिलेलं नाही. पण नातीने दुसरं काहीतरी पाहिलेलं असतं, ते तिला विचारायचं."

"काय पाहिलंय तिने?"

तिने फोन काढला, पण आवाज ऐकवला नाही. संमतीपत्रात वर्गापुरतीच परवानगी आहे, म्हणाली, मामाला नाही. तोंडीच सांगितलं. ऐंशीच्या घरातल्या एक बाई. आजीकडे वाढलेल्या. १९२१ बद्दल आजी एक अक्षर बोलली नाही, यांनाही ते कळलं नातवंडं झाल्यावर, वर्तमानपत्रातून. दीड तास नुसत्या शाळेच्या आणि चर्चच्या गप्पा. मग भाचीने विचारलं, निजायच्या वेळी घरात काय काय चालायचं? बाई थांबल्या. हिने दहा मोजले, मग आणखी दहा. आणि बाई म्हणाल्या की आजी रोज रात्री सगळ्यांचे बूट पलंगांशी मांडून ठेवायची. टाचा पलंगाकडे, तोंडं दाराकडे. एखादं पोर वेडेवाकडे टाकून झोपलं तर उठवून नीट ठेवायला लावायची. शिस्त म्हणून, असं त्यांना सत्तर वर्षं वाटत होतं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. परातीत पावटा संपत आला होता.

"यावरून ग्रीनवूडला किती मेले ते कळत नाही," मी शेवटी म्हणालो.

"नाही कळत."

"कुणी जाळलं तेही नाही."

"तेही नाही."

"पुन्हा जाणार आहेस त्यांच्याकडे?"

"फेब्रुवारीत. या वेळी दोन विद्यार्थी घेऊन. ते प्रश्न तयार करतायत. तूही एक दे ना."

मी घसा साफ केला. "आजी बूट तसे का ठेवायची, असं तुम्हाला आज वाटतं?"

"'का' नको. का विचारलं की माणूस कारण बनवून देतो."

"बरं. आजीला पुन्हा पळावं लागेल अशी भीती वाटायची का?"

"उत्तर तूच दिलंस. बाई नुसत्या मान हलवतील."

मी परातीतली सालं गोळा केली, एक शेंग राहिली होती ती सोलली. ती गप्प होती. मोजत असणार, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

"ते बूट कसे होते?" मी म्हणालो. "कुठून आणलेले, कुणाच्या पायातले?"

तिने वही ओढली आणि लिहून घेतलं.